मांडीवर न मावणारी मुलं

सन १९३९, जानेवारी. तुम्ही औंधात आहात. वय वीसेक, मॅट्रिक होऊन वाड्यावरच्या कचेरीत उमेदवारी करताय. पहाटेचे सूर्यनमस्कार चुकवायची सोय नाही, कारण सत्तरीचे राजेसाहेब, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः रोज घालतात. संस्थान म्हणजे अवघी बहात्तर गावं, आणि तीही सलग नाहीत. औंध इकडे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या बाजूला आणि गुणदाळ पार विजापूरकडे. पण एवढ्याशा राजाने या महिन्यात आपली सत्ता रयतेच्या हवाली करणारी घटना मंजूर केली आहे. मसुद्याला खुद्द गांधीजींचा हात लागलाय, त्यामुळे कचेरीत सगळ्यांची मान जरा ताठ आहे.

या कचेरीत एक गोरा माणूस ये-जा करतो. अंगात खादी, हातात धनुष तकली, आणि ही तकली त्यानेच तयार केलेली. नाव मॉरिस फ्रिडमन, लोक म्हणतात भारतानंद. पूर्वी बंगलोरला विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्याचा व्यवस्थापक होता. आटपाडीजवळ कैद्यांसाठी भिंत नसलेला तुरुंग काढावा, ही कल्पना त्याचीच. (त्या तुरुंगावरून, म्हणजे स्वतंत्रपूरवरून, पुढे गदिमा ‘दो आँखें बारह हाथ’ लिहितील, पण ते अजून अठरा वर्षं लांब आहे.) साहेब कुठले, असं तुम्ही विचारलंत तर उत्तर येतं, पोलंड. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तो देश जर्मनी आणि रशियाच्या मधे चेपून बसलेला दिसतो. तुम्ही मान हलवता आणि पुन्हा टाचणाकडे वळता.

सप्टेंबरात त्या चेपलेल्या देशावर दोन्हीकडून घाला येतो. १ तारखेला पश्चिमेकडून जर्मनी, १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडातली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात धाडली जातात. औंधात बसून तुम्हाला यातलं काही कळत नाही. ‘केसरी’त चार ओळी येत असतील, पण त्या लढाईच्या, मुलांच्या नव्हेत.

म्हणून औंध सोडा. तीन वर्षं पुढे या, आणि वायव्येला, इराणच्याही पलीकडे.

१९४२ च्या वसंतात तुम्ही अश्काबादला एका लॉरीच्या मागच्या फळीवर बसला आहात. जर्मनी रशियावर उलटल्यावर स्टालिनने पोलिश कैद्यांना सोडलं. सुटलेली माणसं उबेच्या आशेने दक्षिणेकडे सरकली, आणि वाटेत टायफस आणि उपासमारीने आईबाप गेले. उरलेली मुलं अनाथालयांत गोळा झाली. हिंदुस्थानातून मदतीचं सामान घेऊन आलेल्या लॉऱ्या आता रिकाम्या परतायच्या, त्याऐवजी मुलं घेऊन निघाल्या आहेत. तुमच्या शेजारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बसली आहे. उवांमुळे डोकं भादरलेलं, गुडघे मांड्यांपेक्षा जाड. मांडीवर चारेक वर्षांचा भाऊ. मशहद, झाहेदान, मग बलुचिस्तानचं वाळवंट आणि क्वेट्टा. तुम्ही तिला पाव देता. ती अर्धा खाते, अर्धा झग्यात लपवते. तुम्ही आणखी देता, तर तोही झग्यात जातो.

हा पाव विसरू नका. मोठं मूल दत्तक घेतलेल्या आजच्या कुठल्याही आईला विचारा, ती सांगेल की उशीखाली पोळी सापडली होती. तान्ह्या बाळाला भुकेची आठवण सांगता येत नाही. नऊ वर्षांचं पोर ती आठवण सोबत घेऊन तुमच्या दारात येतं, आणि आपली भाषा, आपला देव, मेलेल्या आईचा चेहराही घेऊन येतं.

एप्रिलमध्ये पहिली खेप मुंबईत वांद्र्याला पोहोचते. जुलैत मुलं काठियावाडात, जामनगरजवळ बालाचडीला समुद्रकाठी जातात. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी स्वतः सामोरे येतात आणि सांगतात, की आजपासून तुम्ही अनाथ नाही, मी तुमचा बापू. टाळ्या वाजतात. तुम्ही जरा बाजूला उभे राहून हिशेब करा, कारण इथे एक मौज आहे. हे जामसाहेब स्वतः दत्तक आलेले, क्रिकेटवाल्या रणजींचे पुतणे. आणि रणजी? त्यांना जाम विभाजींनी दत्तक घेतलं होतं, पण पुढे पोटी मुलगा झाल्यावर बाजूला सारलं. दत्तकाचं सुख आणि दत्तकाची फजिती, दोन्ही या घराण्याने चाखलेली. पोरांसमोर बापू म्हणून उभं राहणं म्हणजे काय, हे या माणसाला ऐकीव नव्हतं.

बालाचडीत काही दिवस काढा. मसालेदार जेवण मुलांना सोसत नाही, म्हणून गोव्याहून आचारी आणवलेत. एकदा पालकाच्या भाजीवरून मुलं संप करतात. महाराज ऐकतात आणि पालक बंद होतो. हसू येतं खरं, पण दोन वर्षं कुणी काही विचारलंच नव्हतं त्या मुलांना. नको म्हणायची सोय झाली, ही त्यांची पहिली कमाई. आणि महत्त्वाचं म्हणजे कुणी त्यांची नावं बदलत नाही. शाळा पोलिश, प्रार्थना कॅथलिक, नाताळला गाणी त्यांची. बापू गुजराती राजपूत, पण लेकरं पोलिशच राहिली. बडोद्याची आठवण काढा. १८७५ साली कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळला जमनाबाईंनी मांडीवर घेतलं, तेव्हा त्याचा सयाजीराव झाला. राज्य मिळालं खरं, पण जुनं नाव दारातच ठेवावं लागलं. बालाचडीत तसं झालं नाही, आणि मला तरी हा त्या छावणीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

आता परत आपल्या मुलखात या. १९४४ साल समजा. औंधातून बैलगाडीने रहिमतपूर स्टेशन गाठा. मीटरगेजची गाडी ताकारी, किर्लोस्करवाडी करत मिरजेला आणते. तिथून कोल्हापूरची गाडी पकडा, आणि कोल्हापूरच्या अलीकडे वळिवड्याला उतरा. समोर बराकींच्या रांगा. १९४३ पासून इथे सुमारे पाच हजार पोलिश राहतात, बहुतेक बायका आणि मुलं. प्रत्येक बिऱ्हाडाला खोली आणि स्वयंपाकाची जागा आहे. चर्च आहे, शाळा आहेत, बालवीरांची पथकं आहेत, नाटकंसुद्धा होतात. भाजी विकायला आलेला आपला माणूस पोलिश शब्द फेकतो, बाई हसून तिच्या मोडक्या बोलीत घासाघीस करते. छातीने नाजूक असलेली मुलं पाचगणीला, म्हणजे आपल्याच सातारा जिल्ह्यात हवापालटाला जातात. औंधातल्या त्या तकलीवाल्या साहेबाने याच साली वांडा डायनोव्स्का या पोलिश बाईंबरोबर मद्रासला पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली आहे.

आणि कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा कोण? राजाराम महाराजांच्या मागे दत्तक घेतलेलं दोन-तीन वर्षांचं बाळ. ते १९४६ ला वारलं, आणि १९४७ मध्ये देवासहून जो दत्तक आला तो जवळजवळ सदतीस वर्षांचा, खुद्द शाहू महाराजांचा नातू. मांडीवर बसवायचं कसं, याचा विचार त्या वेळच्या पुरोहितांनी केलाच असेल.

पण खरी गोष्ट युद्ध संपल्यावरची. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका वॉर्सातल्या नव्या, मॉस्कोच्या कलाने चालणाऱ्या सरकारला मान्यता देतात. ते सरकार म्हणतं, आमची मुलं परत द्या. कागदावर मागणी रास्त दिसते. पण बालाचडीतल्या ज्या मुलाने सायबेरियात आई पुरली, त्याला त्याच सत्तेच्या ताब्यात पाठवायचं? पालक नसलेल्या मुलाच्या वतीने नकार देणार कोण? कायद्याला पालक हवा. तेव्हा जामसाहेब, ब्रिटिश अधिकारी क्लार्क आणि छावणीचे पाद्री प्लूटा मिळून अनाथ मुलांना कायदेशीर दत्तक घेतात. एक हिंदू राजा, एक इंग्रज आणि एक कॅथलिक धर्मगुरू! आपल्या धर्मशास्त्रात हे कुठेच बसत नाही. दत्तक पुरुषसंतान हवं, सगोत्र असेल तर उत्तम, आणि हेतू पिंडदानाचा. मुलींना दत्तक घ्यायची मुभा हिंदू कायद्याने दिली ती १९५६ साली. इथे मुलीही होत्या, आणि पिंडाचा तर प्रश्नच नव्हता.

दत्तकाच्या सह्या होताहेत त्या टेबलाशी उभे असताना एक उडी मागे मारा, कारण तुम्ही औंधचे आहात आणि औंध ही सातारच्या छत्रपतींची जहागीर होती. ५ एप्रिल १८४८, साताऱ्याचा राजवाडा. शहाजी महाराज अखेरच्या घटका मोजताहेत. मरणाआधी काही तास ते मुलगा दत्तक घेतात, विधी पुरा होतो. लॉर्ड डलहौसी तो दत्तक मानत नाही, आणि पुढच्या वर्षी सातारा खालसा. शास्त्राला धरून झालेला दत्तक इंग्रजांनी मोडला. शंभरेक वर्षांनी शास्त्राबाहेरच्या दत्तकावर त्यांच्याच अधिकाऱ्याचं नाव आहे. साताऱ्यात राज्य गेलं आणि जामनगरात मुलं राहिली, एवढाच फरक, पण माझ्या मते दत्तकाचा खरा उपयोग दुसऱ्या वेळी झाला.

१९४६ च्या अखेरीला बालाचडी बंद होते आणि तिथली मुलं वळिवड्यालाच येतात. पुढच्या दोन वर्षांत छावणी रिती होते. कुणी इंग्लंडला, कुणी अमेरिकेला, कुणी ऑस्ट्रेलियाला, काही पोलंडात परत. ८ मार्च १९४८ ला औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन होतं आणि तुमची कचेरीतली नोकरीही संपते. रिकाम्या बराकींत सिंधहून आलेले निर्वासित उतरतात. त्या वस्तीचं नाव आज गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला सातारा-सांगलीची माणसं जिथे जातात, तेच. वॉर्सात ‘भल्या महाराजां’च्या, म्हणजे जामसाहेबांच्या, नावाचा चौक आहे, आणि वळिवड्याच्या छावणीचं स्मारकही.

आता आजच्या तारखेला परत या. परदेशी जोडपी ज्या चीनमध्ये जाऊन मुलं आणत, दहा-बारा वर्षांचीसुद्धा, त्या चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळपास बंद केलं. नात्यातल्या मुलांपुरती वाट उघडी आहे. आपल्याकडे वाट उलटी आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, नाव नोंदवणाऱ्यांची रांग मोठी, आणि बहुतेकांना तान्हं किंवा दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं. मोठी मुलं संस्थेतच मोठी होतात. पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते, ही २०२२ च्या नियमांतली मला आवडणारी अट. बालाचडीतल्या पालकाच्या भाजीवरच्या संपाइतकीच ती मोलाची. आणि वय झालं म्हणून मागे सरणाऱ्यांसाठी एक माहिती : दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ पर्यंतच चालते, पण आठ वर्षांवरच्या मुलासाठी ती ११० पर्यंत चालते, आणि एकल पालक असेल तर वय ५५ पर्यंत. अर्जात वयाचा रकाना भरताना एवढं लक्षात ठेवा.