इराणी जलविद्या आणि खडकीची नहर

प्राचीन इराणचे स्मरण होताच पर्सेपोलिसचे स्तंभ आणि सम्राट दारयवहूचे शिलालेख डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु त्या भूमीने आशियाखंडास दिलेली सर्वांत उपकारक देणगी जमिनीच्या पोटात दडलेली आहे. पर्वताच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूजल गाठावयाचे, तेथून मंद उताराचे भुयार कोस-दोन कोस न्यावयाचे, हवा व डागडुजी यांसाठी वाटेत ठिकठिकाणी उभी विवरे ठेवावयाची आणि मोट वा रहाट न लावता केवळ उताराच्या बळावर पाणी वस्तीत आणावयाचे, अशी ही कनात अथवा कारेझ नावाची विद्या आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की, कोरड्या भूमीस जो नव्याने पाणी आणील, त्यास पारसिक राज्यकर्ते त्या जमिनीचा उपभोग पाच पिढ्यांपर्यंत देत असत. इतक्या खर्चाच्या व कष्टाच्या कामाचे फळ वंशजांपर्यंत पोहोचेल अशी हमी असल्यावाचून त्यात कोणी हात घालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

दख्खनेत ही विद्या बहमनी अमलात बीदरला रुजली. पुढे १६१५ च्या सुमारास मोगलांचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान याच्या अमलात बऱ्हाणपुरास कुंडी भंडारा सिद्ध झाला. आणि त्याच दशकात, रणांगणावर त्याच्याशी झुंजणारा निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर, जो हबशाणात जन्मला, गुलाम म्हणून बगदादेत विकला गेला आणि अखेर दख्खनेत राज्यधुरंधर ठरला, तो १६१० मध्ये वसविलेल्या खडकी शहरात हर्सूलच्या खोऱ्यातील भूजल नहर-ए-अंबरीने खेळवीत होता. एकमेकांच्या मुलुखावर स्वाऱ्या करणारे हे दोन पुरुष प्रजेच्या तहानेपुढे एकाच विद्येला शरण गेले.

खडकीचे फतेहनगर झाले, त्याचे औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. राज्ये पालटली, दफ्तराची भाषा पालटली, तरी या नहरेने पिढ्यान्‌पिढ्या हौद भरले. मात्र विवरे बुजली, वाटेवर पाये खणले गेले, की असा प्रवाह कायमचा खुंटतो. म्हणून नहरेचा मार्ग मोजणीच्या नकाशावर नोंदवावा, त्यावरील बांधकामास मनाई करावी आणि गाळ नियमाने उपसावा. येणाऱ्या पाच पिढ्यांसाठी इतकी तजवीज करणे हे या नगराचे कर्तव्य आहे.