समुद्रावरचा लॉगऑन

ऑनसाइटला जाताना समोरच्या स्क्रीनवर समुद्रावरून सरकणारं इवलंसं विमान तुम्हीही बघत बसला असाल. आपल्याला वाटतं, खाली कंट्रोलरलाही ते असंच दिसत असणार. पण जमिनीवरच्या रडारची नजर साधारण ४०० किमीच पोचते. त्यापुढे कित्येक दशकं एकच आधार होता, एचएफ रेडिओ. खरखरीतून पायलट आपला ठावठिकाणा सांगणार, ऑपरेटर तो टाइप करून कंट्रोलरला पाठवणार. एवढ्याशा भरवशावर विमानं जवळजवळ कोण उडवू देणार? म्हणून शेजारशेजारच्या मार्गांत १०० नॉटिकल मैल, म्हणजे १८५ किमी अंतर!

१९८३ मध्ये 'आयकाओ' या जागतिक संघटनेने यावर 'फॅन्स' समिती नेमली. उपग्रह वापरा, हे तिचं उत्तर. ते प्रत्यक्षात यायला १९९५ साल उजाडलं. क्वांटासच्या बोइंग ७४७-४०० वर फॅन्स-१ बसवलं गेलं. आता सूचना चक्क मेसेजसारख्या येऊ लागल्या, आणि विमान आपली जागा आपणहून कळवू लागलं. पॅसिफिकवरचं अंतर पुढे ५० मैलांवर आलं.

म्हणजे प्रश्न सुटला? थांबा.

१ जून २००९. एअर फ्रान्स ४४७, रिओहून पॅरिसकडे, विमानात २२८ जण. यंत्रणा बसवलेली, उपग्रह डोक्यावर. पायलटांनी डाकारच्या केंद्रात लॉगऑन व्हायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा नकार! कारण? या विमानाचा फ्लाइट प्लॅन डाकारच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हताच. ओळखीचा रेकॉर्ड नाही, म्हणून कनेक्शन नाही. आपल्या रोजच्या कामातला एरर हो हा!

थोड्याच वेळात विमान अटलांटिकमध्ये कोसळलं. लॉगऑन झालं असतं तर ते वाचलं असतं असं नाही, अपघाताची कारणं वेगळी होती. पण त्याच उपग्रहमार्गे बिघाडाचे २४ स्वयंचलित संदेश कंपनीच्या मेंटेनन्सकडे बिनबोभाट पोचले होते. कंट्रोलरकडे मात्र काहीच नाही. शोधाचा पहिला इशारा निघायला कित्येक तास गेले. समुद्रतळावरचं विमान सापडलं ते एप्रिल २०११ मध्ये.

२०१४ मध्ये एमएच३७० हरवलं, आणि नोव्हेंबर २०१८ पासून समुद्रावर दर १५ मिनिटांनी विमानाची जागा कळलीच पाहिजे, असा नियम लागू झाला. जबाबदारी विमान कंपनीची.

उपग्रह ३६,००० किमी वरून आपलं काम चोख करत होता. अडलं ते जमिनीवरच्या एका रिकाम्या रेकॉर्डपाशी.