पाषाण, देऊळ आणि वाटाड्या

जावा बेटावर प्राचीन मंदिरे पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाला देऊळ आणि ज्वालामुखी ही दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. प्रंबाननच्या शिवालयांपासून काही कोसांवर मेरापी पर्वत धुमसत असतो. बोरोबुदुरचे चिरे अशाच ज्वालामुखीजन्य खडकाचे आहेत, आणि २०१० साली मेरापीचा उद्रेक झाला तेव्हा त्या स्तूपावर राखेचा थर पसरला होता. तेथील चार-सहा दिवसांच्या यात्राक्रमात एक दिवस देवळांचा, तर दुसरा अग्निपर्वताचा, अशी सोयीची विभागणी करता येते. महाराष्ट्रात अशी विभागणी करता येत नाही. बोरोबुदुर आणि वेरूळचे कैलास लेणे यांच्या निर्मितीत फार तर काही दशकांचे अंतर आहे. परंतु जावातला अग्निपर्वत देवळामागे उभा आहे, आणि येथला अग्नी देवळाच्या अंगातच गोठलेला आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून शिलारस वाहू लागला. शंकूच्या आकाराचा एखादा डोंगर फुटून हे घडले नाही. थरावर थर पसरत गेले आणि थिजले. आज उरलेले त्यांचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते, आणि पश्चिम घाटात त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास जाते. दुरून पाहिल्यास सह्याद्रीच्या कड्यांवर या थरांच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. युरोपीय भूशास्त्रज्ञांनी या खडकाला ‘ट्रॅप’ असे जे नाव दिले, त्याच्या मुळाशी पायरी या अर्थाचाच स्वीडिश शब्द आहे. मराठी माणसाला तो काळा फत्तर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या परिचित होता. गड, वाडे, घाट, जाती आणि देव हे सारे त्याच पाषाणाचे. लोणारहून वेरूळला आणि वेरूळहून अजिंठ्याला जाणारा प्रवासी अनेक दिवस या थिजलेल्या लाव्ह्यावरूनच चालत असतो. मात्र हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

या प्रदेशातील देवालयांच्या प्रवासाचा इतिहास म्हणजे एका अर्थी त्या सांगणाऱ्यांचा इतिहास होय. प्रवासी एकटा क्वचितच येतो. पुजारी, पोथी, दुभाष्या, चित्रकार, छापील मार्गदर्शिका यांपैकी कोणीतरी त्याचा हात धरून त्याला नेते. आणि वाटाड्याला जे महत्त्वाचे वाटते तेच त्याच्या दृष्टीस पडते. वेरूळसारख्या स्थळी वाटाडे बदलत गेले तसतसे स्थळही बदलत गेले. शेकडो वर्षे एकच पाषाण उभा आहे. परंतु पाहणाऱ्यांनी एकच वेरूळ पाहिले, असे म्हणता येत नाही.

मराठीपुरते बोलायचे, तर या परंपरेचा आरंभ महानुभाव पंथाच्या वाङ्मयात शोधावा लागतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गोदावरीच्या दोन्ही तीरांवर आणि विदर्भात गावोगाव हिंडले. वेरूळ आणि लोणार ही स्थळे त्यांच्या परिभ्रमणात येतात. त्या काळी देऊळ हे केवळ पूजास्थान नव्हते. फिरत्या विरक्तांचा तो निवारा होता. म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’त देवळाचे पटांगण, चौक, ओवरी, मठ यांचे उल्लेख पदोपदी येतात ते यामुळे. स्वामींच्या पश्चात त्यांच्या चरणस्पर्शाने पुनीत झालेली स्थाने शोधून त्यांचे दर्शन घेणे हा अनुयायांच्या आचाराचा भाग झाला, आणि या गरजेतून चौदाव्या शतकात मुनिबास कोठी यांची ‘स्थानपोथी’ निर्माण झाली.

‘स्थानपोथी’चे स्वरूप पाहिले म्हणजे तिला मराठीतील पहिली प्रवास-मार्गदर्शिका म्हणण्याचा मोह आवरत नाही. गावाच्या कोणत्या दिशेस कोणते देऊळ, त्याचे दार कोणीकडे, आवारात आणखी कोणती देवळे, त्यांतील कोणत्या जागी स्वामी बसले वा निजले, याचा हिशेब ती कोरड्या काटेकोरपणाने मांडते. वर्णनाचा उल्हास तीत नाही. शिल्पाची स्तुती नाही. देवळातला देव हाही तिचा विषय नाही. एखाद्या शिवालयापाशी ती यात्रिकाला नेते ती त्यातील लिंगासाठी नव्हे, तर स्वामी जेथे बसले त्या हातभर जागेसाठी. म्हणजे या पोथीचा लेखक देवळांकडे श्रद्धेने नव्हे, तर खुणेचा दगड म्हणून पाहतो. आणि नेमक्या या तटस्थतेमुळे यादवकालीन गावांचा आणि देवळांचा इतका विश्वासार्ह नकाशा तिच्याकडून आपसूक काढला गेला आहे. तिने नोंदविलेल्यांपैकी पुष्कळ देवळे आज जागेवर नाहीत. त्यांची दारे कोणत्या दिशेला होती, हे मात्र तिच्यामुळे कळते.

पंथाचे ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, आणि पुढे वि. भि. कोलते यांच्या संपादनांमुळे ‘स्थानपोथी’ अभ्यासकांच्या हाती आली. या विलंबाचा परिणाम दूरगामी ठरला. एकोणिसाव्या शतकात युरोपीय संशोधक लेण्यांचे मोजमाप घेत होते, तेव्हा त्याच भूमीची पाचशे वर्षांपूर्वी केलेली एक पाहणी मठांच्या बासनांत पडून होती, आणि तिची कोणालाही वार्ता नव्हती.

कैलास लेण्याविषयी याहून जुनी साक्ष आहे ती ताम्रपटाची. राष्ट्रकूट कर्काच्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या बडोदे ताम्रपटात एलापूरच्या अद्‌भुत देवालयाचा उल्लेख येतो. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात. एवढेच नव्हे, तर हे आपण कसे घडविले याचे खुद्द शिल्पकारालाही नवल वाटते. हे एलापूर म्हणजेच वेरूळ, आणि ते देवालय पहिल्या कृष्णराजाचे, ही ओळख १८८३ साली रा. गो. भांडारकरांनी पटवून दिली. कृष्णराजाचा काळ इ. स. ७५६ ते ७७३ असा मानला जातो.

राजाचे नाव लोक विसरले, परंतु घडविण्याची रीत त्यांनी जपली. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त हे लेणे माणिकेश्वर म्हणून येते. रोगमुक्त झालेल्या राजाची राणी नवस बोलते की, शिवालयाचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. कोणत्याही कारागिराला हे साधण्यासारखे नव्हते. पाया घालून शिखरापर्यंत पोहोचेतो राणी जगती ना. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढे येतो आणि डोंगर वरून कोरू लागतो. अल्पावधीत शिखर दिसते आणि राणी उपवास सोडते. इतिहास म्हणून या कथेचे मोल शून्य मानता येईल. परंतु तंत्राची स्मृती म्हणून ते मोठे आहे. कैलासाचा कळस आधी कोरला गेला आणि पाया शेवटी. सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद असे खोदलेले प्रांगण, पाठीमागे शंभर फुटांहून उंच तासलेला कडा, आणि मध्ये अखंड पाषाणाचे देऊळ, हे केवळ वरून खाली येणाऱ्या छिन्नीलाच शक्य होते. येथे चूक दुरुस्त करण्यास वाव नव्हता. काढलेला दगड परत बसवता येत नाही. भेगांची आणि थरांच्या सांध्यांची पारख असल्यावाचून या खडकात असे धाडस कोणी केले नसते. कोकसाच्या कथेने भक्ती आणि भूशास्त्र यांची गाठ एका उपवासात बांधली. पुढे आलेल्या वाटाड्यांना ती गाठ राखता आली नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस नवा प्रवासी आला. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने १७९४ च्या सुमारास वेरूळ पाहिले आणि त्याविषयीचा लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये प्रसिद्ध केला. त्याने एक मुसलमान आणि एक ब्राह्मण अशा दोघांकडून स्थळाची उत्पत्ती विचारून घेतली. दोघांच्याही सांगण्यात एल राजाचे नाव आले, कालगणना मात्र परस्परांपासून हजारो वर्षांनी दूर होती. मॅलेटसाठी लेण्यांची चित्रे काढणारा गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा कलावंत, मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या चित्रशाळेत तयार झालेला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकारही याच वर्तुळातला. १७९५ साली वेल्स वारला, आणि त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने सिद्ध केलेला वेरूळचा भव्य चित्रसंच १८०३ साली लंडनमध्ये निघाला. युरोपने वेरूळ पाहिले ते या चित्रांतून. गंगारामाचे नाव मात्र दीर्घकाळ विशेषज्ञांपुरतेच राहिले.

१८०३ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षीच्या ११ सप्टेंबरला यमुनेच्या पूर्वतीरावर, जेथे आज नोएडा वसले आहे त्या परिसरात, शिंद्यांच्या कवायती फौजेचा जनरल लेकने पराभव केला. तेथील गोल्फच्या मैदानात त्या लढाईचा स्मारकस्तंभ आहे. बाराच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, अजिंठ्याच्या डोंगराजवळ असईची लढाई झाली. वर्षअखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील मुलूख शिंद्यांच्या हातून गेला. उत्तरेत आणि दक्षिणेत एकाच महिन्यात ठरलेल्या या निकालाने लेण्यांकडे जाणाऱ्या वाटांवर कोणाचा वावर राहणार, तेही ठरून गेले. १८१० साली मुंबईहून वेरूळला गेलेल्या जॉन सीलीचे प्रवासवर्णन १८२४ मध्ये निघाले. १८१९ साली जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याची लेणी पाहिली. वाटाड्या आता बहुधा गणवेशात होता.

या मंडळींत कर्नल विल्यम साइक्स याचे उदाहरण बोलके आहे. वेरूळच्या लेण्यांवर त्याने मुंबईच्या लिटररी सोसायटीसाठी निबंध लिहिला, आणि १८३० च्या दशकात दख्खनच्या खडकांवर भूशास्त्रीय निबंधही लिहिला. एकाच माणसाने देऊळ पाहिले आणि पाषाणही पाहिला. परंतु दोन निबंध दोन ज्ञानशाखांच्या दप्तरांत गेले. तेव्हापासून कलेचा इतिहासकार खडकाविषयी एक वाक्य लिहून पुढे जातो आणि भूशास्त्रज्ञ लेण्यांचा उल्लेख थरांची खूण म्हणून करतो.

१८७७ साली जेम्स बर्जेस याने वेरूळच्या प्रवाशांसाठी छोटी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, आणि १८८० साली फर्ग्युसनसह भारतातील लेण्यांवरचा मोठा ग्रंथ. त्यांच्या परिश्रमांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेले अनुक्रमांक पुढे इतके रूढ झाले की, तोच कालक्रम आहे असा समज पसरला: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी, ३० ते ३४ जैन. आज अनेक अभ्यासक रामेश्वर आदी काही शैव लेणी सहाव्या शतकातील, म्हणजे तेथील बौद्ध लेण्यांच्या आधीची मानतात. पहिल्या क्रमांकापासून चालू लागणारा प्रवासी त्यामुळे इतिहास मध्येच धरतो.

क्रमांकांखाली जुनी नावे मात्र टिकून राहिली. दहाव्या लेण्यातील बुद्धाला विश्वकर्मा मानून सुतार त्याच्या दर्शनाला येत, म्हणून ते सुताराचे झोपडे. गिलावा आणि रंग यांमुळे कैलास हा रंगमहाल. अकरावे लेणे दोन थाळ. १८७६ साली मातीखाली गाडला गेलेला तळमजला उघडा पडला आणि ते तीन मजली ठरले, तरी त्याचे नाव दोन थाळच राहिले. ज्ञान बदलते तेव्हा नाव त्याच्याबरोबर बदलतेच असे नाही.

लोणारच्या बाबतीत हाच अनुभव अधिक व्यापक प्रमाणात येतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, तळाशी खारे पाणी, काठावर जीर्ण देवळे, आणि गावात शिल्पसमृद्ध दैत्यसूदन मंदिर. भूमीच्या पोटात दडलेल्या लवणासुराचा विष्णूने वध केला, ही तेथील स्थळकथा. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाकडे लक्ष वेधले, आणि त्यानंतर शतकभराहून अधिक काळ लोणार हे ज्वालामुखीचे तोंड, किंवा वायूच्या स्फोटाने वा जमीन खचल्याने झालेला खड्डा, असे मानले गेले. तर्क स्वाभाविक होता. चोहीकडे लाव्हाच असताना दुसरे काय सुचणार? १८९६ साली अमेरिकेतील गिल्बर्टने ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखविले, आणि १९७३ साली खडकातील आघातखुणांच्या आधारे ते उल्कापाताचे विवर असल्याचे सिद्ध झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे. ज्वालामुखीच्या देशात ज्याला सर्वांनी ज्वालामुखी म्हटले, नेमके तेच स्थळ ज्वालामुखी नव्हते.

लवणासुराच्या कथेत त्या उल्कापाताची स्मृती असल्याचे आता उत्साहाने सांगितले जाते. ते मान्य करता येत नाही, कारण कथा सांगणारा माणूसच त्या काळी नव्हता. पण कथा मिथ्या म्हणून वाटाड्याच्या तोंडून काढून टाकणेही योग्य नाही. ती उल्केविषयी काही सांगत नाही; गोड्या भूमीत खारे पाणी पाहून चकित झालेल्या माणसाविषयी सांगते, आणि काठावर इतकी देवळे का उभी राहिली, याचे उत्तर तिच्यावाचून मिळत नाही.

छत्रपती संभाजीनगरहून निघणारे प्रवासी आजही दोन-तीन दिवसांत वेरूळ, अजिंठा आणि जमल्यास लोणार पाहतात. त्यांच्या हाती बर्जेसचे क्रमांक असतात, कानी लवणासुर आणि पांडवांच्या कथा पडतात, आणि पायाखाली सहा कोटी वर्षांचा पाषाण असतो. या तिन्हींना एकत्र आणणारी मार्गदर्शिका मराठीत व्हावयास हवी. तिचे सारे साहित्य उपलब्ध आहे: दारांच्या दिशा ‘स्थानपोथी’त आहेत, राजाचे नाव ताम्रपटाच्या आधारे निश्चित झाले आहे, थरांचे ज्ञान भूशास्त्राने दिले आहे. आणि हे सारे एका सूत्रात कसे ओवावे, त्याचा वस्तुपाठ राणीच्या उपवासाची मर्यादा आणि फत्तराची मर्यादा एकाच वेळी ओळखणाऱ्या कोकसाच्या कथेत आहे.