नर्सच्या टेबलापासूनचं अंतर

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या नावाजलेल्या इस्पितळांतही हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाची खाट नर्सच्या टेबलापासून मुद्दाम लांब ठेवत. फोनची घंटा, लोकांची ये-जा यांनी त्याची विश्रांती मोडू नये म्हणून. दाखल झालेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा घरी परतत नसे, आणि कितीतरी जण सकाळी खाटेवर गेलेलेच आढळत. आज आपण जिला ‘आयसीसीयू’ म्हणतो, त्या खोलीचा मागोवा मला या अंतरापासून घ्यावासा वाटतो.

रात्रीतून काय घडत असे? हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरू लागत, रक्त पुढे सरकत नसे आणि काही मिनिटांत खेळ संपे. उपाय मात्र हळूहळू हाती येत होता. क्लीव्हलँडला क्लॉड बेक यांनी १९४७मध्ये छाती उघडून एका मुलाचं थरथरणारं हृदय विजेच्या धक्क्यानं ताळ्यावर आणलं. १९५६मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता तोच धक्का दिला. १९६०मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याची रीत आली. एवढं होऊनही रुग्ण लांबच्या खाटेवर एकटाच असे.

१९६१मध्ये एडिनबरोतल्या डेस्मंड ज्युलियन या तरुण डॉक्टरनं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की हृदयाची लय सतत ईसीजीवर दिसत राहावी, ती बिघडताच घंटा वाजावी, आणि छाती दाबण्याचं शिक्षण फक्त डॉक्टरांना नव्हे, नर्सनाही द्यावं. १९६२मध्ये कॅन्सास सिटीत ह्यूज डे यांनी असा विभाग उघडला. टोरांटोत आणि खुद्द ज्युलियन यांच्या हातून सिडनीतही तो सुरू झाला. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर यांनी नर्सना या कामाच्या केंद्रस्थानी आणलं. मॉनिटरचं कौतुक सगळे करतात. मला मोठी वाटते ती नर्सला मिळालेली मुभा. लय ओळखायची आणि डॉक्टरची वाट न पाहता हात घालायचा. मधली ती दोन-तीन मिनिटंच तर माणसाला नेत होती.

काचेच्या दाराबाहेर बसलेले नातेवाईक विचारतात, “रात्र निघेल ना?” या प्रश्नाचं मोजून दिलेलं उत्तर १९६७मध्ये न्यूयॉर्कच्या थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल यांच्याकडून आलं. स्टेथोस्कोप लावून, रक्तदाब पाहून त्यांनी २५० रुग्णांचे चार वर्ग केले. फुप्फुसं स्वच्छ असलेल्यांत मृत्यू ६ टक्के. तळाशी चरचर ऐकू येणाऱ्यांत १७. फुप्फुसांत पाणी भरलेल्यांत ३८. हातपाय गार पडून ‘शॉक’मध्ये गेलेल्यांत ८१. शॉक नसलेल्यांचे मृत्यू या विभागामुळे २६ टक्क्यांवरून ७वर आले होते. बिघडलेली लय खोलीनं जिंकली होती, थकलेला स्नायू नाही.

या चौथ्या वर्गापाशी गाडी दीर्घकाळ अडली. १९९९च्या ‘शॉक’ चाचणीत बंद रक्तवाहिनी तातडीनं मोकळी केलेल्यांचे सहा महिन्यांतले मृत्यू ५० टक्क्यांच्या आसपास होते, आधी औषधांवर स्थिर केलेल्यांचे ६३. ज्याच्यावर दशकानुदशकं भिस्त होती, त्या महाधमनीत बसवून हृदयाला हातभार लावणाऱ्या फुग्यानं जीव वाचत नाहीत, हे २०१२मध्ये जर्मनीतल्या ६०० रुग्णांवरून दिसलं. २०२४मध्ये डेन्मार्कच्या पुढाकारानं झालेल्या चाचणीत हृदयात बसवायच्या इवल्याशा पंपानं निवडक रुग्णांचे मृत्यू खरोखर घटवले. तरी पंप लावलेल्या शंभरांतले पंचेचाळीसहून अधिक जण सहा महिन्यांत गेलेच.