'बोर्ड गेला' या निकालाविरुद्ध

घरातला संगणक सात-आठ वर्षांचा झाला की त्याच्यावरचा निकाल आधीच लिहून तयार असतो. हळू चालतो, कारण जुना आहे. मधेच बंद पडतो, कारण जुना आहे. दुकानात नेला तर पुष्कळदा कॅबिनेटचा स्क्रूही न काढता काउंटरपलीकडून ऐकू येते, "बोर्ड गेला दादा. याचे पार्ट आता मिळत नाहीत. ह्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या." घरी येऊन हे सांगितले की कोणी वाद घालत नाही. हे मत आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याला पुरावा मागणारा माणूस कंजूष तरी ठरतो किंवा छांदिष्ट तरी.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे, आणि नव्याच्या बाजूने बोलणारा माणूस काही मूर्ख नसतो. त्याच्याजवळ मुद्दे आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले जवळजवळ सगळे इंटेलवाले संगणक यादीबाहेर. सुरक्षेची दुरुस्ती न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हेही खरे. जुने यंत्र वीज जास्त खाते. डीडीआर३ रॅम मागितली तर बहुधा वापरलेलीच पुढे येते. शिवाय घरी उघडून बसायला वेळ कोणाला आहे?

यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देता येते, पण त्याआधी मुळावर बोट ठेवू. 'जुना आहे म्हणून बिघडला' हे अनुमान आहे, आणि आपल्या न्यायशास्त्राने असल्या अनुमानाची जात केव्हाच ओळखून ठेवली आहे. जो हेतू (कारण म्हणून दाखवलेली खूण) साध्य (सिद्ध करायची गोष्ट) असते तिथेही सापडतो आणि नसते तिथेही सापडतो, तो सव्यभिचार. पाच हेत्वाभासांतला पहिला. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यातल्या छोट्या वर्कशॉपांत सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवायला नऊ पिनांचे सिरियल पोर्ट असलेले पीसी अजून ठेवलेले असतात. त्यांतल्या एखाद्यावर विंडोज एक्सपीही दिसते, जिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तो पीसी तुमच्या घरातल्यापेक्षा जुना आहे, आणि सकाळी पहिल्या शिफ्टला निमूट चालू होतो. जुनेपण दोघांत आहे, बिघाड एकात. मग जुनेपण हे बिघाडाचे कारण कसे म्हणायचे? संगणक सगळा एकदम म्हातारा होत नाही. प्रोसेसर बहुधा धडधाकट असतो. झिजतात ते त्याच्याभोवतीचे दोन-चार स्वस्त भाग.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण ते फार घरांत घडते. संगणक सुरू होतो, डेस्कटॉप येतो, पण ब्राउझर उघडला की प्रत्येक संकेतस्थळावर 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी. मोबाइलवर तेच नेट झकास चालते. निष्कर्ष ठरलेला: जुन्या कॉम्प्युटरला आता नवे नेट झेपत नाही. अशा वेळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात नजर टाकावी. तिथे १ जानेवारी २००९ अशी काहीतरी तारीख दिसते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर२०३२, तीन व्होल्टची. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की बटण बंद केल्यावर घड्याळ पुन्हा बोर्डाच्या मूळ तारखेवर जाते. आता प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाच्या लेखी आज २००९ साल आहे, म्हणून समोर आलेले प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही, आणि तो ते नाकारतो. त्याचा तर्क बिनचूक आहे. घड्याळ तेवढे चुकीचे आहे. घड्याळाच्या दुकानात मिळणारी ही बॅटरी शंभर रुपयांच्या आत येते. कडेची छोटी पट्टी नखाने मागे सारली की जुनी टपकन वर येते. नवी बसवताना 'अधिक'ची बाजू वर. तारीख लावा, झाले. याला बोर्ड गेला म्हणतात!

दुसरा साक्षीदार आपला उन्हाळा. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि सिडकोतल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी संगणक अडखळू लागतो, कधी आपोआप बंद होतो. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःचा वेग स्वतः कमी करतो, आणि त्याहीवर गेला की जीव वाचवायला वीज तोडतो. ती त्याची रचनाच आहे. पंखा कितीही फिरला तरी प्रोसेसरला तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यात हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची घट्ट गादी बसलेली, आणि मधली थर्मल पेस्ट वाळून भुगा झालेली. पण हाच संगणक डिसेंबरात सुरळीत चालतो, हे सगळ्यांच्या नजरेतून सुटते. वय काही डिसेंबरात कमी होत नाही. धूळ ब्रशने मोकळी करून ब्लोअरने उडवावी (पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो वाऱ्याने वेडावाकडा फिरून बेअरिंग खराब होते), जुनी पेस्ट स्पिरिटने पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी, आणि मेमध्ये काय होते ते पाहावे.

तिसरी तक्रार जुन्या शहरातल्या वाड्यांतून ऐकू येते: कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, कॉम्प्युटर जुना झाला, करंट मारतो. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. पॉवर सप्लायच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांचा मधला बिंदू कॅबिनेटच्या पत्र्याला, तिथून अर्थिंगला जोडलेला असतो. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर तो पत्रा अधांतरी निम्म्या दाबावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा, पण बोटाला कळतो. त्याच सॉकेटला कालच आणलेला कोरा संगणक लावा, त्याच झिणझिण्या येतील. इथे मेकॅनिकने संगणक बघण्याऐवजी इलेक्ट्रिशियनने घर बघायला हवे, आणि लवकर बघायला हवे, कारण उद्या खरेच आत काही तुटले तर वाचवायला ती अर्थिंगची तार नसेल.

बिघाड हुडकण्याची घरगुती पद्धत म्हणजे शुद्ध अन्वय-व्यतिरेक: एक गोष्ट असताना काय होते आणि नसताना काय होते ते पाहणे. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढून पाहा, मग दुसरी. पट्टीसोबत दोष फिरतो का, की तो खाचेपाशीच राहतो? मॉनिटर काळा असेल तर तोच मॉनिटर दुसऱ्या यंत्राला लावा. सगळे काढून टाका आणि नुसता बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम एवढ्यावर सुरू करा. चालले तर एकेक वस्तू परत जोडत जा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की सगळा तपास फुकट. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासण्याची आपल्याकडची जुनी चाल आहे. अर्धे श्रेय मी खोडरबराला देत नाही, पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवण्याला देतो. पण त्यातून 'मेलेले' संगणक उठतात हे खरे, आणि त्यासाठी दुकानाची पायरी चढावी लागत नाही. मेमटेस्ट८६ रात्रभर रॅम तपासते, क्रिस्टलडिस्कइन्फो डिस्कची प्रकृती सांगते. दोन्ही फुकट मिळतात.

आता 'हळू' या आरोपाकडे, कारण खरे गिऱ्हाईक याच आरोपावर हातचे जाते. फिरत्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून थोडे जास्त. हवा तो तुकडा डोक्याखाली येण्याची वाट सरासरी अर्धी फेरी पाहायची, शिवाय डोके योग्य वर्तुळावर सरकवायचे. विखुरलेले छोटे तुकडे अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच वाचू शकते. विंडोज १० सुरू झाल्याबरोबर पडद्यामागे असे हजारो तुकडे मागते. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलेला असतो आणि रांग डिस्कच्या दारात. एसएसडीमध्ये फिरणारे काही नाही, तिथे हीच वाट मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. जुन्या बोर्डाचे साटा पोर्ट नव्या एसएसडीला पुरा वेग देणार नाही, असा आक्षेप येतो. येऊ द्या. फायदा वाट पाहणे संपल्याचा आहे, आणि तो जुन्या पोर्टवरही जवळजवळ सगळा मिळतो. २०११ च्या कोअर आय५-२४०० मध्ये चार गाभे आहेत, ३.१ गिगाहर्ट्‌झने चालणारे. पत्रे लिहायला, हिशेब ठेवायला, मुलांचे व्हिडिओ लावायला त्याला एसएसडी आणि आठ जीबी रॅम दिली की तो पुरतो. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या गाड्या बनतात त्या शहरात टायर झिजला म्हणून कोणी गाडी भंगारात काढत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

विंडोजचा मुद्दा सगळ्यांत वजनदार, म्हणून त्याला टाळणार नाही. पण तो मुद्दा यंत्राच्या तब्येतीचा नाही. सातव्या पिढीचा प्रोसेसर १४ ऑक्टोबरच्या सकाळी जेवढा सशक्त होता तेवढाच १५ च्या सकाळी होता. बदलली ती एका कंपनीची यादी. घरगुती वापरकर्त्यांसाठी त्याच कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव मुदत ठेवली, यातच काय ते आले. त्यापलीकडे लिनक्स मिंट किंवा डेबियन आहे. ब्राउझर, लिबरऑफिस, युनिकोड मराठी टंकलेखन, सगळे नीट चालते, आणि दुरुस्त्या फुकट मिळत राहतात. अडचण खरी आहे ती डीटीपीवाल्यांची. औरंगपुरा-गुलमंडी भागात लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके लावणाऱ्याची वीस वर्षांची कमाई पेजमेकर आणि श्रीलिपीच्या फायलींत आहे, आणि ती लिनक्सवर आणायला सांगणे म्हणजे चेष्टा. त्याने जुनी विंडोज तशीच ठेवावी आणि त्या यंत्राची नेटची वायर काढून टाकावी. फाइल पेनड्राइव्हने न्यावी-आणावी, तीही तपासून. जाळ्यात नसलेल्या यंत्राला जाळ्यातला धोका बहुतांशी नसतो.

विजेचा हिशेब तर पूर्वपक्षानेच करायला हवा होता. जुना पीसी नव्या छोट्या संगणकापेक्षा ५० वॅट जास्त घेतो आणि रोज पाच तास चालतो असे धरू. वर्षाला साधारण ९१ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर नऊशेच्या थोडे वर. नव्या यंत्राला ३० हजार मोजले तर ते विजेच्या बिलातून वसूल व्हायला तीस वर्षांहून जास्त लागतील, आणि तोवर त्याचाही 'बोर्ड गेला' असा निकाल तीन-चारदा लागून झालेला असेल. शिवाय बिलात न दिसणारी वीज आहेच. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या रूडिगर क्यूर आणि एरिक विल्यम्स यांनी २००४ च्या सुमारास हिशेब मांडला होता: एक डेस्कटॉप आणि १७ इंची मॉनिटर बनवायला किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागते. तो मॉनिटर काचेच्या नळीचा होता, त्यामुळे आकडे आजच्या यंत्राला जसेच्या तसे लावू नयेत. पण विल्यम्स यांच्या त्या काळच्या गणितात संगणकाच्या आयुष्यभराच्या ऊर्जेचा ८१ टक्के वाटा कारखान्यात खर्च होत होता आणि १९ टक्केच वापरात. 'नवा वीज वाचवतो' म्हणणाऱ्याने हा ८१ कुठल्या खात्यात टाकला ते सांगावे.

दुकानदाराला खलनायक करण्याची मात्र गरज नाही. चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना टीव्ही बनवत होता त्या काळात टीव्हीचा मेकॅनिक सोल्डरिंगची बंदूक घेऊन घरी यायचा आणि फुगलेला कपॅसिटर बदलून जायचा. आज त्याच हाताला तासाभराच्या तपासाचे शंभर-दोनशे रुपये देताना गिऱ्हाईक कुरकुरते, आणि नवीन संगणकावर मात्र भाव न करता कमिशन मिळते. मग तो तपास कशाला करील? म्हणूनच पहिला तपास घरी व्हावा असे माझे म्हणणे आहे. वेळ नाही म्हणणाऱ्याचा वेळ नव्या यंत्रावर फोटो, पासवर्ड आणि प्रिंटर हलवण्यातही जातोच; रविवारची एक दुपार कॅबिनेटला दिली तर तेवढे वाचते.

आणि ज्याचा बोर्ड खरेच गेला त्याचे काय? असतात असेही. विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावर काही वर्षे सदोष कपॅसिटर बोर्डांवर बसले होते. त्यांच्या डोक्यावर फुगवटा आणि तपकिरी रस दिसला तर फार जीव टाकू नये. पेंटियम ४ वाचवण्याच्या नादालाही लागू नये: त्यातले काही प्रोसेसर ११५ वॅटपर्यंत उष्णता ओकायचे, आणि ३२ बिटांच्या यंत्रांना डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून नव्याने बसवण्याच्या यादीतून वगळले. पॉवर सप्लायची पेटी घरी कधीच उघडू नये. आतला मोठा कपॅसिटर तीनशेहून जास्त व्होल्ट धरून बसतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ सोडत नाही. हार्डडिस्क टकटक आवाज करीत असेल तर दुरुस्तीचे सगळे प्रयोग थांबवून आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे घ्यावीत. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे, म्हणून भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकण्यापेक्षा मेलेला संगणक अधिकृत संकलकाकडे द्यावा. देण्यापूर्वी डिस्क तेवढी काढून घ्यावी, कारण घरातल्या सगळ्यांची आधार कार्डे आणि पॅन कार्डे कधी ना कधी त्याच संगणकावर स्कॅन झालेली असतात.