पुण्यांतील विश्रामबाग वाडा: पेशवाईनंतरचा वृत्तान्त

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या बाजूस शिवणी येथें ता. १७ एप्रिल १८१८ रोजीं दुसऱ्या बाजीराव पेशव्यांस कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेनें गांठलें. आप्पासाहेब भोसल्यांच्या बोलावण्यावरून चांद्याकडे जाण्याचा बेत होता, तो तेथेंच संपला. तोफा, हत्ती, उंट मागें टाकून श्रीमंत निसटले, आणि जूनच्या ३ तारखेस अशीरगडाच्या परिसरांत माल्कमच्या स्वाधीन झाले. वऱ्हाडच्या इतिहासांत हा प्रसंग चारदोन ओळींत आटोपतात; त्याविषयीं पुन्हा केव्हां तरी लिहूं. येथें त्याचें स्मरण होण्याचें कारण निराळें आहे. आमच्या रानांतून पळणाऱ्या या धन्याचा आवडता वाडा त्या वेळीं पुण्यास रिकामा पडला होता, आणि त्या वाड्याचा पुढील वृत्तान्त पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांनीं विशेषेंकरून जाणून घ्यावा असा आहे.

वाडा सदाशिव पेठेंत, पुण्याच्या भर बाजारवस्तीजवळ, आजच्या बाजीराव रस्त्यावर आहे. बांधकामास सहा वर्षें व दोन लक्ष रुपये लागले. मनसाराम लक्ष्मण व दाजी सुतार हीं कारभारी व कारागीर यांचीं नांवें परंपरेनें टिकून राहिलीं आहेत, ही समाधानाची गोष्ट. बहुतेक वाड्यांच्या बाबतींत धन्याचें नांव तेवढें उरतें. दर्शनी सज्जाचें कोरीव लांकूडकाम व सुरूच्या घाटाचे सागवानी खांब अद्यापि पाहण्यासारखे आहेत. शनिवारवाडा राजधानीचें ठिकाण खरें, परंतु नारायणरावांच्या वधामुळें बाजीरावांचें मन तेथें रमत नसे, असें सांगतात.

या वाड्याविषयीं कोणीं कांहीं लिहावयास घेतलें कीं बाजीरावांचे रंगढंग, नाचगाणीं, मेजवान्या यांपलीकडे लेखणी सहसा सरत नाहीं. आम्हांस हें प्रमाणबाह्य वाटतें. श्रीमंतांचा तेथील वास जेमतेम अकरा वर्षांचा. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, १७ तारखेस पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें, आणि धनी पुन्हा परतला नाहीं. पुढें रायगड पडल्यावर तेथें सांपडलेल्या वाराणसीबाई कांहीं काळ या वाड्यांत राहिल्या. परंतु त्यानंतर तेथें जी संस्कृत पाठशाळा भरली ती पुरीं तीस वर्षें चालली. घराची ओळख कोणत्या वहिवाटीवरून ठरवावयाची, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

पाठशाळेचें मूळ दक्षिणेंत आहे. श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची चाल तळेगांवच्या दाभाड्यांपासून चालत आलेली. ती पेशव्यांनीं फार वाढविली. राज्य गेल्यावर ही रक्कम एकदम बंद केली तर शास्त्रीमंडळी बिथरतील, हें एल्फिन्स्टननें ओळखलें होतें. त्याच्यामागून आलेला कमिशनर चॅप्लिन यानें त्या रकमेपैकीं कांहीं भाग विद्यादानाकडे वळविला व ता. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागेंत पाठशाळा उघडली. सरकारी कागदांत तिचें नांव ‘हिंदु कॉलेज’. राघवाचार्य हे पहिले मुख्य. वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, वेदान्त, ज्योतिष, वैद्यक, अलंकार असे विषय होते. जेथें पूर्वीं कारकून व खिजमतगार वावरत, त्या चौकांत मुलें सूत्रें घोकूं लागलीं.

या शाळेची उगीच स्तुति करावी असा आमचा हेतु नाहीं. तिचें दार ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेंच उघडें होतें. सरकारचा उद्देशही निर्भेळ विद्याप्रेमाचा नसून लोकांस राजी राखण्याचा होता. दक्षिणेच्या पैशांतून मराठी ग्रंथकारांसही उत्तेजन मिळावें, असा अर्ज १८४९ सालीं पुण्यांतील सुधारकांनीं केला, तो आमच्या मतें अगदीं रास्त होता; आमच्या पिढीच्या कित्येक शास्त्र्यांस हें रुचत नसे. परंतु दोष सांगितल्यावर फळही सांगितलें पाहिजे. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेंत मोरशास्त्री साठ्यांजवळ शिकले. मोल्सवर्थच्या कोशाचा सहकारी मेजर कँडी हा १८३७ पासून येथील देखरेखीवर होता. म्हणजे मराठी गद्याचे दोन मोठे घडविणारे, एक शिष्य म्हणून व एक अधिकारी म्हणून, याच जिन्यानें चढले-उतरले.

बाजीराव ब्रह्मावर्तास ता. २८ जानेवारी १८५१ रोजीं वारले. त्याच वर्षीं पाठशाळा इंग्रजी शाळेंत मिळवून ‘पुणें कॉलेज’ करण्यांत आलें. हा योगायोग आहे, त्यांत कार्यकारणभाव शोधूं नये. तेंच कॉलेज १८६४ सालीं डेक्कन कॉलेज झालें व १८६८ सालीं येरवड्यास गेलें. ता. १३ मे १८७९ च्या रात्रीं बुधवारवाडा जळून नाहींसा झाला. विश्रामबागेचाही पूर्वभाग जळाला, तो लोकवर्गणीनें व नगरपालिकेच्या साह्यानें पुन्हा उभा राहिला. शनिवारवाड्याच्या आंतील इमारती १८२८ सालींच भस्म झाल्या होत्या. पुढें १९३० पासून १९५९ पर्यंत नगरपालिकेच्या व नंतर महानगरपालिकेच्या कचेऱ्या येथें होत्या.

आतां पोथ्यांविषयीं. विश्रामबागेच्या नांवाचा हस्तलिखितसंग्रह डेक्कन कॉलेजांत आला व १९१८ सालीं सरकारी संग्रहाबरोबर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. त्या संस्थेच्या सूचींत कांहीं पोथ्यांच्या क्रमांकापुढें ‘विश्राम (१)’, ‘विश्राम (२)’ अशी खूण आढळते. नवखा वाचक ती ओलांडून पुढें जातो. वास्तविक तीस वर्षें चाललेल्या विद्यास्थानाचा तो हयात पुरावा होय. कोणत्या शास्त्राच्या प्रती किती, कोणती पोथी पुनःपुन्हा हाताळलेली, कोणती कोरी राहिली, हें त्यावरून कोणीं तपासील तर पाठशाळेंत खरोखर काय चाले तें अहवालांपेक्षां अधिक स्पष्ट होईल. खूण राखणाऱ्या सूचिकारांचे आपण ऋणी आहों.

सर्वत्र असें घडत नाहीं. वऱ्हाडांत एका ठिकाणीं (नांव घेत नाहीं) तीन घराण्यांच्या पोथ्या एकत्र करून त्यांस नवे रुमाल बांधलेले आम्हीं पाहिले. जुने रुमाल व त्यांवरील चिठ्ठ्या केरांत गेल्या होत्या. पोथ्या सुरक्षित, पण कोणत्या घरच्या तें सांगणारें कांहीं उरलें नाहीं. व्यवस्था लावणाऱ्या गृहस्थांस आपण कांहीं हानि केली याची जाणीवही नव्हती. उलट त्यांनीं आम्हांस नवे रुमाल कौतुकानें दाखविले.

विश्रामबागेंत शिकलेल्या किंवा शिकविलेल्या शास्त्र्यांच्या घरच्या पोथ्या वऱ्हाडांत कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्यांचीं शेवटचीं पानें, समाप्तिलेख व रुमालांवरील नोंदी जशाच्या तशा उतरून मंडळाकडे धाडाव्या. रुमाल सोडण्यापूर्वीं उतरून घेतल्यास फार बरें.