सूक्ष्मलहरींचा कान

ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळचा एखादा क्रिस्टल सेट माळ्यावर धूळ खात पडला असेल, त्यांनी तो एकदा खाली काढून पाहावा. त्यात चण्याएवढा एक चकाकणारा खडा असतो आणि त्याला टेकलेली एक बारीक तार असते. खडा म्हणजे गॅलिना, शिशाचे साधे खनिज. तार इकडेतिकडे सरकवीत बसले की केव्हातरी अवचित गाणे ऐकू येई. ज्या सूक्ष्मलहरींवरून पुढे हजारो संभाषणे एका वेळी डोंगराडोंगरांवरून धावू लागली, त्यांच्या इतिहासात या खड्याचे स्थान फार वरचे आहे. लहर कशी सोडावी याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. ती ऐकावी कशी, हा प्रश्न मात्र तितकाच अवघड होता, आणि मला आज त्याविषयीच सांगावयाचे आहे.

हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ साली विद्युल्लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या. त्याच्या लहरींची लांबी हातांनी मोजण्याजोगी असल्यामुळे प्रकाशाचे नियम त्यांना लावून पाहावयाचे तर भिंगे आणि लोलकही अवजड लागत. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी निराळा विचार केला: लहरच आखूड केली तर सारी प्रयोगशाळा एका टेबलावर मावेल. त्यांनी ५ पासून २५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. लहरी वाहून नेण्यास धातूची नळी, गोळा करण्यास नरसाळे, आणि ध्रुवीकरणासाठी काय घ्यावे? ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक! त्याच्या पानापानांत कथलाचा वर्ख घालून त्यांनी ते लहरींच्या वाटेत ठेविले. आगगाडीच्या वेळापत्रकाचा इतका सदुपयोग अन्य कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. १८९५ साली त्यांनी कलकत्त्यात जाहीर प्रयोग करून दूरवर घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू उडविली. १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

परंतु खरी अडचण ग्राहकाची होती. त्या काळी लोखंडाचा कीस भरलेली नळी वापरीत. लहर आली की कीस एकमेकांस चिकटे व विद्युत्प्रवाह वाहू लागे. मग नळीला टिचकी मारून त्याला पुन्हा मोकळे करावे लागे. बोस यांनी किसाऐवजी पोलादाच्या बारीक स्प्रिंगा वापरल्या, अनेक पदार्थ तपासले, आणि अखेर गॅलिनापाशी आले. लहरीतील विद्युत् क्षणात पुढे, क्षणात मागे जाते. एखाद्या दारातून माणसे सारखी आतबाहेर करीत असली तर घरात कोणीच उरत नाही, तसे या ये-जा करण्यातून हाती काहीच लागत नाही. दार एकाच बाजूने उघडणारे असेल तर मात्र माणसे साठतात. खडा आणि तार यांचा संपर्क हे असले दार आहे. या ग्राहकाच्या अमेरिकन पेटंटासाठी ३० सप्टेंबर १९०१ रोजी अर्ज झाला व २९ मार्च १९०४ रोजी ते मिळाले. तेही मित्रमंडळींच्या आग्रहामुळे. शोध विकून पैसा करण्याची बोस यांना मनस्वी चीड होती. एका तारायंत्र कंपनीचा मालक पेटंटाचा कागद घेऊन आपल्याकडे कसा आला, हे त्यांनी १९०१ सालीच रवींद्रनाथांना पत्राने कळविले होते. मिळालेले पेटंटही त्यांनी वापरले नाही. बोस यांना लुबाडले गेले असे आपल्याकडे मोठ्या त्वेषाने म्हणतात. मला वाटते, त्यांनी पाठ फिरविली, आणि ती समजून उमजून.

जगानेही आखूड लहरींकडे पाठ फिरविली. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपार संदेश नेला तो लांब लहरींवर. पुढे १९२७ मध्ये खडकी आणि दौंड येथून इंग्लंडशी जे बिनतारी संधान जुळले ते लघुलहरींचे. त्या आकाशातील विद्युद्भारित थरावर आपटून परततात. सूक्ष्मलहरी तो थर भेदून निघून जातात. त्या सरळ रेषेतच चालतात, क्षितिजाआड वळत नाहीत. शिवाय दरम्यान व्हॉल्व्ह आला आणि खडा माळ्यावर गेला. पण व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या तारेपासून पत्र्यापर्यंत जाण्यास इलेक्ट्रॉनांना वेळ लागतो. सूक्ष्मलहरींची आंदोलने इतकी जलद की ते वाटेत असतानाच परत फिरण्याचा हुकूम येतो!

बार्कहाउझेन व कुर्ट्‌झ या जर्मनांनी १९२० साली ही अडचणच कामाला जुंपली. इलेक्ट्रॉनांच्या त्या हेलकाव्यांतूनच लहर उत्पन्न केली. तसल्या नळीच्या बळावर ३१ मार्च १९३१ रोजी कॅले आणि डोव्हर यांच्यामध्ये खाडीपलीकडे संभाषण झाले. लहर सुमारे १८ सेंटिमीटर, अंतर ४० किलोमीटरांच्या आसपास, आणि शक्ती अवघी अर्धा वॅट. अंतर्वक्र आरसे लहरींना एका झोतात बांधून धरीत, म्हणून एवढ्याशा शक्तीने भागले.

मग युद्ध आले. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे रँडल व बूट यांनी मॅग्नेट्रॉन चालवून दाखविला व सुमारे १० सेंटिमीटरांची जोरदार लहर रडारच्या हाती आली. आता प्रतिध्वनी ऐकणार कोण? तेव्हाचे व्हॉल्व्ह हे काम नीट करीनात. शास्त्रज्ञ पुन्हा खड्याकडे वळले. गॅलिनाऐवजी सिलिकॉन, त्यावर टंगस्टनची तार. युक्ती संगीतज्ञांच्या परिचयाची आहे. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की त्यांच्या स्वरांहून मंद अशी एक लाट कानाला जाणवते. तसेच सेकंदाला ३०० कोटी आंदोलनांच्या आलेल्या लहरीत ग्राहक ३०३ कोटी आंदोलनांची आपली लहर मिसळतो; खड्यातून फरकाची ३ कोटींची लहर निघते, आणि ती मोठी करण्यास साधे व्हॉल्व्ह समर्थ असतात.

हीच रीत शांततेच्या काळात कामी आली. १९५१ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को १०७ मनोऱ्यांची मालिका सुरू झाली. प्रत्येक मनोऱ्याने लहर ऐकावयाची, खड्याच्या मदतीने खाली आणावयाची, मोठी करावयाची, आणि पुढच्या मनोऱ्याकडे सोडावयाची. सोडावयाची शक्ती कॅलेइतकीच, अर्धा वॅट! ४ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेतील राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचे भाषण याच मार्गाने खंडाच्या दुसऱ्या टोकाला दूरचित्रवाणीवर दिसले.

हे पाहावयास बोस नव्हते. १९३७ च्या नोव्हेंबरात गिरिडीह येथे ते निवर्तले. १९५५ साली पिअर्सन व ब्रॅटन यांनी अर्धवाहकांच्या संशोधनाचा इतिहास लिहिला. हे ब्रॅटन ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक. बिनतारी लहरी स्फटिकाने टिपण्याचा अग्रमान त्यांनी त्यात बोस यांना दिला.